मुलाच्या स्काऊट शिबिराला आईबाबांनी सोबत जावं का?

टिपकागद
नमस्कार मंडळी. लेक ८ वर्षांचा, तिसरीत. जूनपासून शाळेच्या कब पथकात, म्हणजे लहान मुलांच्या स्काऊट पथकात जातो. येत्या रविवारी त्यांचं एक दिवसाचं शिबिर आहे, पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या पायथ्याशी एका मैदानावर. सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच. २४ मुलं, म्हणजे सहा-सहा जणांची चार षटकं. चार-पाच पालक मदतीला येतील का, असं पथकाच्या बाईंनी ग्रुपवर विचारलं आणि मी लगेच हो म्हणून बसले.

रात्री लेकाला सांगितलं. आधी खूश झाला. मग जेवता जेवता थांबून म्हणाला, "ये आई, पण माझ्याजवळ उभी राहू नकोस."

दोन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. आजवर पट्टीचे बूट घेत आलो, गणवेशाला मात्र नाडीचे लागतात, ते रोज मी बांधून देते. चारचौघांत शू लागली तर सांगत नाही, दाबून धरतो. डब्यातली भाजी आवडली नाही तर उपाशी राहील पण कुणाला बोलणार नाही. हे सगळं डोळ्यांसमोर होत असताना लांब उभं राहणं मला जमेल का? आणि जमणार नसेल तर जाऊच नये का? कुणी गेलं असेल तर सांगा. तिथे पालकांनी नेमकं काय करायचं असतं?

अननस
जा. पाणी भरायला आणि वाढायला माणसं कायम कमी पडतात.

पेठेतला
मी उलट सांगतो. जाऊ नका.

मी शाळेत असताना आमची शिबिरं सदाशिव पेठेतल्या स्काऊट ग्राउंडवर व्हायची. घरापासून दहा मिनिटं चालत. तरीही आईवडील फाटकाशी सोडून परत जायचे आणि संध्याकाळी फाटकाशीच उभे राहायचे. आत काय झालं ते आम्ही सांगू तेवढंच त्यांना कळायचं. जेवल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट राखेनं घासलं, ते मला आजही आठवतं. खरकटं कुठे टाकायचं हेही माहीत नव्हतं. शेजारच्या मुलाचं बघून बघून शिकलो. आई तिथे असती तर ते ताट तिनंच घासलं असतं. वाईट हेतूनं नव्हे, हातानं आपोआप घेतलं असतं.

तुमच्या मुलानं तर स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. अजून काय पाहिजे?

वाऱ्याची दिशा
पेठेतला, तुमचा काळ वेगळा होता असं म्हणणार नाही, धोके तेव्हाही होतेच. पण माझा अनुभव ऐका. माझी मुलगी पहिलीत असताना एका सहलीला गेली होती. संस्थेचं नाव घेत नाही. परतीच्या वेळी बस सुटली तेव्हा ती बागेतल्या नळाशी हात धूत होती. पंधरा मिनिटांनी बस परत आली. एका माणसाकडे चाळीसेक मुलं होती आणि बसमध्ये चढताना कुणी मोजलं नव्हतं. मुलगी त्या पंधरा मिनिटांबद्दल अजूनही फार बोलत नाही, पण बाहेर गेलो की नळावर एकटी जात नाही.

तेव्हापासून मी आधी विचारते, किती मुलांमागे किती मोठी माणसं? उत्तर गुळमुळीत आलं तर एक मी जाते किंवा मुलगी जात नाही. त्यामुळे टिपकागद, तुम्ही जा. लेकासाठी नाही गेलात तरी बाकीच्या २३ जणांसाठी जा.

शिट्टी
मी गेली १४ वर्षं कब मास्टर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगते. जरा मोठं होईल.

टिपकागद, ‘ये, पण माझ्याजवळ उभी राहू नकोस’ यातला पहिला शब्द ‘ये’ आहे, तो सोडू नका. त्याला तुम्ही मैदानावर हव्या आहात. त्याच्या षटकात नको आहात. आठ वर्षांच्या मुलानं इतकं नेमकं सांगितलं याचं मला कौतुक वाटतं.

आमच्याकडे पहिला नियम हाच, की कुठल्याही पालकाला स्वतःच्या मुलाच्या षटकाबरोबर ठेवायचं नाही. तुमच्या बाईंना आधीच सांगून दुसरं षटक मागून घ्या. आणि मुलालाही सांगा, मी चुलीपाशी असेन किंवा पाण्याच्या टाकीपाशी असेन. एकदा जागा कळली की मुलं दिवसभर शोधत बसत नाहीत.

दुसरा नियम, कुठलंही मोठं माणूस दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकटं आडोशाला जात नाही. शू-शीसाठी, कपडे बदलायला, पट्टी बांधायला, कायम दोन मोठी माणसं एकमेकांना दिसतील अशी. जागतिक स्काऊट संघटनेचं ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचं धोरण आहे, त्याचा गाभा हाच. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदाही आहे आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही, पण मैदानावर उपयोगी पडते ती ही साधी सवय. बाबा मंडळींना कधीकधी राग येतो, ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणून. विश्वास आहे, म्हणूनच तर बोलावलं. हा नियम मलाही आहे.

तिसरं म्हणजे मोजणी. वाऱ्याची दिशा यांचं वाचून पोटात कालवलं. षटक सहांचं असतं त्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, की षटकनायक स्वतःसकट सहा मोजतो आणि ओरडून सांगतो. चार षटकांची चार उत्तरं आली की २४. जागा बदलली की मोजणी. खेळ संपला की मोजणी. पाणी पिऊन आले की परत मोजणी. पालकांनीही शिट्टीच्या खुणा शिकून घ्याव्यात. एक लांब शिट्टी म्हणजे शांत व्हा, पुढची खूण ऐका. लागोपाठ आखूड शिट्ट्या म्हणजे गोळा व्हा. लागोपाठ लांब, सावकाश शिट्ट्या म्हणजे पांगा. आखूड-लांब, आखूड-लांब आली तर धोका. मुलांना हे पाठ असतं. मोठी माणसं मात्र लांब शिट्टी वाजल्यावरही गप्पा मारत असतात आणि मग मुलांनी गप्प का बसावं?

करायचं काय, तर पाणी, चूल, प्रथमोपचाराची पेटी, संडासच्या वाटेवर दोघं, खेळात खुणेपाशी उभं राहणं, आणि ज्याचं कुणी आलेलं नाही अशा मुलाशेजारी डबा खायला बसणं.

दोन वेण्या
शिट्टी ताई, शेवटचं वाक्य वाचून मला माझे बाबा आठवले.

मी गाईडमध्ये होते, सातवीत. बाबा बांधकामावर परांची बांधायचे. एका रविवारी कामाला सुट्टी होती म्हणून आमच्या शिबिराला आले. तिथे दोन सर बांबूचं प्रवेशद्वार उभं करत होते आणि ते सारखं एका अंगाला झुकत होतं. बाबा लांबून बघत होते. मी मनात म्हणत होते, पुढे जाऊ नका, सगळ्या मैत्रिणी बघतायत. सरांनीच विचारलं, तुम्हाला येतं का? बाबांनी काथ्या पाण्यात भिजवून घेतला, दोन बांबू फुलीत धरले, वेढे घातले आणि शेवटी दोन बांबूंच्या मधून आडवे वेढे घालून असा काही आवळला की सर म्हणाले, "अहो, आम्ही हेच पुस्तकातून शिकवतो, चौकोनी बंध."

त्या दिवशी तासभर बाबांनी पोरींना बंध शिकवले. मला नाही, आमचा संघ तेव्हा स्वयंपाकाला होता. आमच्या संघाची पाळी आली तेव्हा बाबा पाणी आणायला गेले होते आणि मला ते एका आठवीतल्या मुलीनं शिकवलं, बाबांच्या पद्धतीनं. भिजवलेला काथ्या वाळला की अजून आवळतो, हेही तिनंच मला सांगितलं. घरी कधी विचारलंच नव्हतं मी त्यांना.

अननस
दोन वेण्या, डोळ्यांत पाणी आणलंत.

पेठेतला
दोन वेण्या, हे मात्र मान्य. असे बाबा असतील तर मी फाटक उघडायला स्वतः येतो.

कंपोस्ट
मी चुकलो तेही लिहितो, उपयोग होईल.

माझी मुलगी बुलबुलमध्ये आहे, म्हणजे मुलींच्या कब पथकात. गेल्या वर्षी तिच्या शिबिराला मी गेलो आणि तिच्याच षटकामागे उभा राहिलो. ताटातल्या वस्तू लक्षात ठेवण्याचा खेळ होता. २४ वस्तू, एक मिनिट बघायच्या, मग वर फडकं. मुलीला घरी हा खेळ उत्तम येतो. पण प्रत्येक उत्तराआधी ती मान वळवून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की बोलायची. दोन-तीनदा मी ओठांनी शब्दही सुचवला. चौथ्यांदा तिनं हातच वर केला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा लक्षात आलं की तिला वस्तू आठवत होत्या, पण आता तिला माझ्या चेहऱ्यावरून उत्तर शोधायचं होतं. मी तिथून उठून चपलांच्या रांगेपाशी जाऊन बसलो. दहा मिनिटांनी तिचा आवाज ऐकू आला, "सुई! सुई राहिली!"

बाई काही बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिरगाचा पाऊस
मला एक मूलभूत शंका. रांगा, सलाम, शिट्ट्या, गणवेश. लहान मुलांना हे कशाला? मोकळं खेळू द्यावं की.

जुना कब
मिरगाचा पाऊस, शंका रास्त आहे आणि नवीन नाही. उत्तर देतो. वय ७१ आहे, त्यामुळे थोडं मागे जाऊन.

स्काऊटिंग सुरू करणारे बेडन-पॉवेल सैन्यातले होते हे खरं. पण १ ऑगस्ट १९०७ ला इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिलं शिबिर घेतलं ते २० मुलांचं, आणि त्यात निम्मी बड्या घरची, बड्या शाळांतली, निम्मी कामकरी वस्तीतली. त्यांना मिसळून चार संघ केले, लांडगा, बैल, डोमकावळा आणि कोरल पक्षी. कोण कुणाच्या घरचा हे कपड्यावरून कळू नये, हा गणवेशाचा एक उपयोग. सलामातली तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग: देव आणि देशाबद्दलचं कर्तव्य, दुसऱ्याला मदत, आणि स्काऊटचे नियम. आणि टिपकागद यांच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर त्या पहिल्याच शिबिरात बेडन-पॉवेल यांचा ९ वर्षांचा पुतण्या डोनाल्डही होता. त्याला कुठल्याही संघात घातलं नव्हतं. तो काकांच्या हाताखाली पडेल ती कामं करायचा. म्हणजे घरचं माणूस आणि शिबिर, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे १९०९ मध्ये स्काऊटिंग आलं ते फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं. म्हणून अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, अलाहाबादेत मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. स्वातंत्र्यानंतर एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. जे दार आपल्या मुलांना बंद होतं त्यातून आज मनपा शाळेतली पोरं आत जातात, मला त्याचं मोल आहे.

आता टिपकागद, तुमच्या नाडीबद्दल. लेकाला नाडी शिकवू नका. रीफ गाठ शिकू द्या. उजवा पदर डाव्यावर, मग डावा उजव्यावर. पट्टी बांधायची ती हीच गाठ, कारण सपाट बसते आणि टोचत नाही. दुसऱ्यांदाही उजवाच डाव्यावर घेतला तर गाठ तिरकी बसते आणि सुटते. बुटाची नाडी म्हणजे फासे ठेवून बांधलेली रीफ गाठच. नाडीचे दोन फासे बुटावर आडवे पडले तर बरोबर. टाच-चवडा असे उभे पडले तर चुकली, दहा पावलांत सुटणार. मोठ्या माणसांनीही आपापले बूट बघावेत.

(फक्त दोन दोर जोडून वजन उचलायला ही गाठ कधीही वापरू नये.)

अननस
बूट बघितले. उभे. चाळीस वर्षं चुकीचं बांधतेय!

वाऱ्याची दिशा
माझेही उभे. म्हणून सारखे सुटतात होय!

टेकडीवाला
तळजाईला रोज सकाळी जातो म्हणून जागेविषयी थोडं. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. लांब मोजे असतील तर एक जादा जोडी द्या, नाहीतर मुलं दिवसभर पाय खाजवत बसतील. वनखात्याच्या हद्दीत जाळ करायचा नाही. चूल मैदानावरच, आजूबाजूचं गवत काढून, शेजारी पाण्याची बादली आणि माती ठेवून. झाडाला आग्यामोहोळ दिसलं तर त्या बाजूला खेळ नको, धूर तर मुळीच नको. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून लांब पळायचं. हे मुलांना सकाळीच सांगून ठेवा.

आणि साडेसातला पोचलात तर आधी पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवा. मोर ऐकू येतील. नशीब असेल तर टकाचोरही दिसेल, लांब शेपटीचा, तांबूस. माझ्या नातीनं त्याचं ओरडणं ऐकून ‘कुणीतरी जुनं दार उघडतंय’ म्हटलं होतं.

नर्सताई
प्रथमोपचाराचं मी बघते आमच्या भागातल्या शिबिरांना. तीन गोष्टी कायम होतात: खरचटणं, घोणा फुटणं, उन्हानं गळून जाणं. घोणा फुटला की मुलाचं डोकं मागे करू नका, रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा, मधेच सोडून बघू नका. मूल गळालं तर सावलीत न्या आणि घोट घोट पाणी द्या. उलट्या-जुलाब असतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे माप डोळ्यांनी घ्यायचं नाही, चमच्यानंच घ्यायचं. मूल सुस्तावलं, बोलण्यात गोंधळ वाटला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि कुणाला कशाची अॅलर्जी आहे, दम्याचा पंप कुणाकडे आहे, ते आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या. ‘त्याच्या आईला माहीत आहे’ याचा उपयोग नसतो. आई तिथे नसते, किंवा असली तरी लांब उभी असते!

चकलीचा सोऱ्या
डब्यात काय देताय? थालीपीठ द्या, गार झालं तरी चांगलं लागतं. आणि आम्ही मुलांना चुलीवर एक प्रकार करायला लावतो: कणीक जरा घट्ट मळायची, मीठ-ओवा घालून, बोटभर जाडीची वळी करून सोललेल्या काडीभोवती गुंडाळायची आणि निखाऱ्यावर फिरवत भाजायची. जाळावर नाही हं, निखाऱ्यावर. मुलं जाळात धरतात आणि जळते. मग गूळ-तूप. बटाटे राखेत पुरून ठेवायचे ते वेगळे.

कडुलिंबाची काडी चालेल. कण्हेर, रुई यांच्या काड्या अजिबात नको, विषारी असतात. झाड ओळखता येत नसेल तर घरूनच काड्या न्या.

अननस
खायचा विषय निघाला म्हणून विचारते, खरी कमाई आठवते का कुणाला? स्काऊटसाठी कामं करून पैसे मिळवायचे ती?

पेठेतला
न आठवायला काय झालं! कार्ड घेऊन दारोदार. ‘काकू, काही काम आहे का?’ एका आजींनी मला पाव किलो तांदूळ निवडायला बसवलं. तासभर निवडले. चार आणे दिले आणि कार्डावर सही. वर म्हणाल्या, उद्या पण ये.

दोन वेण्या
आमच्या वेळी शाळेतच स्टॉल लागायचे. मी भेळ विकली होती. पण पेठेतला म्हणतात तशी दारोदारची जास्त खरी वाटते. अनोळखी दारात उभं राहून काम मागायचं म्हणजे केवढी हिंमत.

वाऱ्याची दिशा
आता मुलांना अनोळखी दारात पाठवणार नाही मी. पण आमच्या सोसायटीत, ओळखीच्या घरी, दोघादोघांच्या जोडीनं पाठवलं होतं. माझ्या मुलीनं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या कुंड्या पुसून दिल्या. तेव्हापासून दर रविवारी ती त्यांच्या झाडांना पाणी घालते, कार्ड नसताना.

शिट्टी
विषय निघालाय तर एक विनंती. पालकांनी कृपा करून फोन खिशात ठेवा. एक जण फोटो काढायला लागला की बाकीचे काढतात, आणि मुलं खेळ थांबवून हसायला उभी राहतात. शिवाय दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना न विचारता ग्रुपवर टाकणं बरोबर नाही. आमच्याकडे एकच जण फोटो काढतो आणि ते संध्याकाळी पालकांनाच जातात.

मिरगाचा पाऊस
जुना कब, सविस्तर उत्तराबद्दल आभार. बड्या घरची आणि कामकरी घरची मुलं मिसळून, हे मला माहीत नव्हतं. सलामाबद्दल अजून पूर्ण पटलं नाही, पण नाडीचं पटलं. माग काढण्याच्या खुणाही शिकवतात ना अजून?

जुना कब
शिकवतात तर. दगडांचा किंवा काड्यांचा बाण म्हणजे इकडे जा. फुली म्हणजे या वाटेनं नको. गोल आणि मध्ये ठिपका म्हणजे मी घरी गेलो. बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ ला केनियात वारले. तिथे न्येरीला त्यांची कबर आहे आणि त्यावर हीच खूण कोरलेली आहे. गोल आणि ठिपका.

टिपकागद
सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंना फोन करून दुसरं षटक मागून घेतलं. जादा मोजे, थालीपीठ, कडुलिंबाच्या काड्या, सगळं तयार. लेकाला सांगितलं, मी चुलीपाशी असेन. ‘बरं’ म्हणाला. नाडीचं मुद्दाम काही बोलले नाही.

शिट्टी
छान. आल्यावर लिहा.

टिपकागद
आले. काल झालं शिबिर. आज बसून लिहितेय, कालचा दिवस नुसता कणीक मळण्यात गेला.

मोर ऐकू आले. टकाचोर दिसला नाही. मोजणी मी मोजली, नऊ वेळा झाली.

माझ्या चुलीवर दुसऱ्या षटकातला एक मुलगा कणकेची वळी करत होता. त्यानं विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कोणता?" मी लांबून दाखवला. तो म्हणाला, "तो? तो आमच्यात सगळ्यात मोठ्ठी आरोळी देतो." मला वाटलं त्याचा काहीतरी गोंधळ झाला. घरी मामाशी फोनवर बोलतानाही ज्याचा आवाज फुटत नाही, तो? मग दुपारी सगळी गोलात बसली आणि आरोळी झाली. त्यात एक आवाज वेगळा काढता आला मला. चुलीपाशी उभी राहून ऐकला.

शू लागल्याचं त्यानं सांगितलं. मला नाही, दुसऱ्याच एका बाबांना. ते आणि अजून एक जण वाटेवर उभे राहिले, हा जाऊन आला. मला ते नंतर कळलं.

आता नाडी. दुपारी माग काढायचा खेळ होता आणि मी आणि एक आई तिसऱ्या खुणेपाशी होतो. लेकाचं षटक धावत आलं तेव्हा त्याची उजवी नाडी मातीत लोळत होती. माझ्या हातातली बाटली मी दोन्ही हातांनी घट्ट धरली, कारण हात निघालेच होते. तो तिथेच गुडघ्यावर बसला. बांधली. फासे उभे पडले. त्यानं जरा वेळ बघितलं आणि स्वतःच सोडली. षटकनायक, असेल दहाचा, बाकीच्यांना म्हणाला, "थांबा रे, त्याची नाडी होऊ दे." पाचही जण उकिडवे बसले. बाजूच्या षटकाचा आवाज जवळ येत होता तरी कुणी उठलं नाही. लेकानं जीभ बाहेर काढून पहिला पदर टाकला, मग पुटपुटत दुसरा. आडवे. उठला, माझ्याकडे बघितलंही नाही, पळाला.

रात्री झोपताना विचारलं त्यानं, "आई, सकाळी पट्टीची गाठ शिकवली ना, नाडी म्हणजे तीच आहे का?" कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, कुणी नाही, सारखीच दिसली.

नर्सताई
पट्टीपासून नाडीपर्यंत स्वतःचं स्वतः पोचला. शाबास त्याची.

पेठेतला
पाच जण उकिडवे बसले, हे वाचताना मी थांबलो. तुम्ही गेलात ते बरं झालं. मी माझं ‘जाऊ नका’ मागे घेतो, निदान निम्मं.

चकलीचा सोऱ्या
कणकेचं काय झालं ते राहिलं!

टिपकागद
बाहेरून काळी, आतून कच्ची. जाळातच धरली सगळ्यांनी. गूळ-तुपाबरोबर एकही उरली नाही.

कंपोस्ट
जानेवारीत मुलीचं शिबिर आहे. बाईंना आजच सांगून ठेवलं, दुसरं षटक द्या. मुलीला सांगितलं, मी पाण्याच्या टाकीपाशी असेन. तिनं विचारलं, "पूर्ण वेळ?" पूर्ण वेळ म्हटलं.

टिपकागद
अजून एक सांगायचं राहवत नाही. लेक शाळेतून आला की खालच्या मजल्यावरच्या आजींकडे थांबतो, मी ऑफिसातून येईपर्यंत. आज आले तर आजींच्या दाराबाहेर खडूनं बाण, जिन्याकडे तोंड केलेला. अर्ध्या जिन्यात गच्चीच्या बाजूला फुली. मग आमच्या मजल्यावर बाण. आणि आमच्या उंबऱ्याशी एक वाकडा गोल, मध्ये ठिपका. आजींना विचारून किल्ली घेऊन पाच मिनिटांपूर्वीच वर आला होता. आजी दार उघडं टाकून जिन्यात खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

जुना कब
जिना झाडायला येतात त्या मावशींना आजच सांगून ठेवा. निदान आठवडाभर तरी तो गोल पुसू नका म्हणावं.